थिजलेला आकडा

सोमवार, ४
पडदा पुन्हा थिजला! कोल्ड स्टोरेजच्या मशीनरूममधलं, आमच्या कंपनीनं बनवलेलं पॅनेल. गळती होऊन हवेत विषारी अमोनिया किती आलाय, ते दाखवणारं. मोठी मोटर सुरू झाली आणि आकडा तिथंच गोठला. सरळ बंद पडला असता तर कळलं तरी असतं. हा मख्खासारखा जुनाच आकडा दाखवत बसला. भोंगा अगदी शेवटी वाजतो, आधी सावध करतो तो आकडाच. आणि त्या पडद्यासमोर पाळीला कोण? माझा सख्खा मोठा भाऊ.

मंगळवार, ५
आमचे साहेब रंगीत डिस्प्लेवर अडून बसलेत. "गिऱ्हाइकाला चकचकीत लागतं."
म्हटलं, ती खोली म्हणजे भट्टी, वर सतत थरथराट. मोबाइलच्या जातीचा हा नाजूक जीव तिथं टिकायचा नाही. मला तो काळा-पांढरा कारखानी डिस्प्ले हवा. उष्णता सोसतो, केबल खट्‌कन अडकते, हादऱ्यानं निसटत नाही, आणि पुढची कित्येक वर्षं तोच मिळत राहील.
"दिसायला अगदीच बापुडवाणा गं."
"दिसायला!"
"बिघडला तर खापर तुझ्या डोक्यावर."
— फुटू दे.

बुधवार, ६
दादाच्या खिशाला गॅस वाढला की बीप करणारा छोटा मीटर अडकवला. नवं पॅनेल लागेपर्यंत काढायचा नाही, दम दिलाय. वहिनीलाही सांगून ठेवलं.

शुक्रवार, ८
माझा काळा-पांढरा डिस्प्ले टेबलावर शहाणा, मशीनरूममध्ये वेडापिसा! मोटर सुरू होताच नव्या पडद्यावर नुसतं ठिपक्यांचं वारूळ. म्हणजे दोष एकट्या पडद्याचा नव्हताच. लांबलचक चपटी केबल मोटरच्या तारांना खेटून नेलेली, मोटरचा सगळा विजेचा गोंगाट तीच पिते.
दिवसभर तेच. पडदा चालवणारं एक छोटं बोर्ड त्याच्या पाठीलाच बसवलं. चपटी केबल उरली वीतभर. पुढं पीळदार तार, वरून जाळीचं आवरण, वाट मोटरपासून लांबची, आवरणाला अर्थिंग एकाच टोकाला. शिवाय ताजा आकडा आला नाही तर पडद्यावर नुसत्या रेघा. जुना आकडा कदापि नाही!
दादा दारातून डोकावला. "जमतंय का गं?"
"आत येऊ नकोस!"
"माझीच पाळी आहे. जाऊ कुठं?"

रविवार, १०
मोटर चालू, बंद, चालू. दादा स्विचपाशी, मी पडद्यापुढं. आकडा हलत राहिला! मग तार मुद्दाम उपटली — लगेच रेघा. परत जोडली — आकडा हजर.
साहेब म्हणाले, "पास झाला तुझा बापुडवाणा." हसले मी.

सोमवार, ११
आज पॅनेल ताब्यात द्यायचं होतं. कोल्ड स्टोरेजचे मॅनेजर आले होते, आमचे साहेबही. भोंगा वाजणार नाही इतपतच चाचणीचा गॅस मी सेन्सरवर सोडला. आकडा चढला, भोंग्याच्या आधीची सावधगिरीची खूण ओलांडून गेला. चोख!
"दादा, वाच मोठ्यानं."
तो पडद्यासमोरच उभा. हातभर अंतरावर.
"ठीक आहे. रोजच्यासारखंच."
मॅनेजर हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतोय. मी दादाकडे बघितलं. त्याच्या कपाळावर घाम. नजर पडद्यावर नव्हतीच, जरा बाजूला लागली होती.
मी गॅस बंद केला, त्याला जिन्याकडे घेऊन गेले.

मंगळवार, १२
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहेर बसून लिहितेय. काल जिन्याखाली दादा बोलला एकदाचा. "मधोमध धुकं दिसतं गं. कडा तेवढ्या दिसतात. वर्ष होत आलं. कामावरून काढतील म्हणून बोललो नाही. आकडा एरवी सारखाच असायचा, अंदाजानं सांगायचो." सकाळी स्वतःच जाऊन मॅनेजरना सांगून आला. आता आतून त्याचा आवाज येतोय — "नाही दिसत... हेही नाही... नाही."