इझारोपर्यंतच्या पागोळ्या

बेर्मेओ,
२३ जुलै, माग्दालेनच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय बेन्यात,

आईचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. टोमॅटो यंदा उशिरा पिकतायत. तुझ्या खोलीच्या खिडकीला रंग दिला, माणूस न लावता मीच दिला, म्हणून एका कडेला जरा जाड बसलाय. तुझा गुडघा कसा आहे? बर्फ लावतोस ना, की मला नुसतं हो म्हणतोस?

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, रविवारी उत्तर द्यायचंय. लंडनचा संघ, मिलानचा की इथलाच क्लब, मला काही सुचत नाही. बाबा म्हणतील तसं करतो. विचार त्यांना." मी म्हटलं विचारते, आणि टोमॅटोंचं बोलत बसले. फोनवर मला जमत नाही. लिहिताना निदान मधे थांबता येतं.

पेपरवर मी पैसे घालवत नाही हे तुला माहीतच आहे. मासळीवाली कार्मेले पिशवीत शिळा पेपर टाकून देते, तोच वाचते. त्यामुळे तुझ्या बातम्या मला सार्डिनबरोबर मिळतात, दोन दिवस उशिरा आणि ओल्या. एका पेपरात तू लंडनमध्ये घर बघत होतास, दुसऱ्यात मिलानच्या विमानात बसला होतास, तिसऱ्यात म्युनिकला डॉक्टर तुझा गुडघा तपासत होता. त्याच संध्याकाळी तू फोनवर जांभया देत होतास. मी देवळात मेणबत्तीचं उरलेलं बुडखं लावलं आणि मातेपुढे उभी राहिले. काय मागावं ते ठरेना. म्हणून नुसतं तुझं नाव घेतलं आणि घरी आले.

काल सगळ्या बोटी इझारो बेटाकडे निघाल्या. समुद्र दुधासारखा होता, धुकं इतकं पातळ की बेट पाण्यावर आहे की पाण्याच्या वर, कळत नव्हतं. बोटीत तुझ्याशिवाय दुसरा विषय नाही. बाबांचा दोस्त चोमिन म्हणाला, "इंग्लंडात फुटबॉल कुठला, पाठलाग असतो नुसता. पोराला दम खाऊ देणार नाहीत."

कार्मेले म्हणाली, "मग इटली बरी. एक गोल झाला की दाराला कडी लावून बसतात. पोरगा जपला तरी जाईल."

"जपायला तो काय लोणच्याची बरणी आहे?"

"तू गप रे. तू शाळेच्या संघात गोल वाचवायचास, तेसुद्धा पोटाने."

सगळे हसले. चोमिन हसला नाही. आपल्या क्लबात आपल्याच मातीतली पोरं खेळतात, म्हणून एखादं जायला निघालं की प्रत्येकाला वाटतं, आपल्याच घरातलं ताट उचललं. त्याला मी दोष देत नाही.

मग नगराध्यक्षांनी दरवर्षीसारखं छपराचं कौल समुद्रात टाकलं. तू चार-पाच वर्षांचा असताना विचारलं होतंस, कौल पाण्यात का टाकतात, छप्पर तर घरावर असतं. बाबांनी तुला खांद्यावर घेऊन सांगितलं होतं, "आपल्या गावच्या पागोळ्या इथपर्यंत पडतात, म्हणून. हे बेटसुद्धा आपल्याच छपराखाली." काल बाबा कठड्याला धरून ओरडले, "अहो, जोर लावा! अजून लांब जाऊ द्या!" नगराध्यक्षांनाही हसू आलं.

दुपारी सगळे चोकोत, बाबांच्या त्या स्वयंपाक-मंडळात, जेवायला. सणाला आम्हा बायकांनाही बोलावतात, फक्त स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नाहीत. ते राज्य पुरुषांचं. आत तुझे बाबा कॉड माशाचं मातीचं पातेलं हलवत होते, तसंच गोल गोल, चमचा न लावता, रस दाट होईपर्यंत. हात काही विसरत नाहीत.

बाहेर भिंतीवर तुझा पहिल्या सामन्याचा फोटो असतो ना, तो भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. मी पाहिलं आणि खाली बघत बसले. कोणी केलं हे सगळ्यांना माहीत होतं.

बाबा पातेलं घेऊन आले आणि थांबले. "हे कोणी केलं?"

चोमिन म्हणाला, "कोल्दो, तो चाललाय. जाणाऱ्याचं तोंड कशाला बघायचं?"

बाबांनी पातेलं ठेवलं. फोटो सरळ केला. ॲप्रनने काच पुसली आणि बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "छान पोरगा आहे. कुणाचा गं?"

चोमिनला वाटलं चेष्टा आहे. तो हसला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

बाबा म्हणाले, "कुणाचा का असेना. जेवायच्या वेळी पोराला भिंतीकडे तोंड करून उभं करायचं नाही. जायचंय त्याला, तर पोटभर खाऊन जाऊ दे." आणि वाढायला लागले. चोमिनने मान खाली घालून पाव मोडला.

बेन्यात, हे ईस्टरपासून असं आहे. मला ओळखतात. बोट, वारा, कॉड, सगळं ओळखतात. तूही त्यांना आठवतोस, पण आठ वर्षांचा. संध्याकाळी विचारतात, पोरगा अजून शाळेतून आला नाही का? आणि टीव्हीवर तू दिसलास की म्हणतात, हा दहा नंबरवाला बघ, पायाला डोळे आहेत याच्या. म्हणून मी त्यांना विचारू शकले नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू सगळं सोडून इथं येऊन बसला असतास, आणि ते दारात उभ्या एका मोठ्या माणसाला विचारत राहिले असते, आपण कोण?

पण उत्तर त्यांनी न विचारता दिलं. परक्या पोराला दिलं, तरी ते तुझंच आहे. घे. त्यांच्यासाठी म्हणून राहू नकोस, आणि तुला त्यांना असं बघवत नाही म्हणूनही जाऊ नकोस. शनिवारी जेवायला ये, मग रविवारी काय ते सांग. ते विचारतील तू कुणाचा. घाबरू नकोस. नाव सांग. ते म्हणतील, माझ्या मुलाचंही हेच नाव.

पहाटे मला स्वप्न पडलं. समुद्रावर गवत उगवलं होतं आणि तू त्यावरून चेंडू घेऊन चालला होतास, सावकाश, इझारोच्याही पलीकडे. माझ्या डोक्यावर पागोळ्या गळत होत्या. तुझेही केस ओले दिसत होते.

आता बाबा समोर येऊन बसलेत. विचारतायत, "कुणाला लिहितेस एवढं?"

"त्या दहा नंबरवाल्याला."

"तुझी ओळख आहे?"

"आहे थोडीफार."

त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग म्हणाले, "मग लिही त्याला, यंदा कौल बरंच लांब पडलं."

लिहिलं.

तुझी,
आई