माझ्या वाटणीचा नकार

भोकरदन
१२ फेब्रुवारी २००७

प्रिय उषा,

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही खुशाल आहोत. फोनच केला असता, पण दिवसा तू शेतावर असतेस, आणि संध्याकाळी फोन बैठकीत आणि तुझे दाजी पण बैठकीत. रिटायर झाल्यापासून वर्षभर हे तिथून हलले न्हाईत. आता महिना झाला, रोज इस्त्रीचा शर्ट घालून बसस्टँडजवळच्या देवानंदच्या इंटरनेट कॅफेत जातात. ऑफिसला चाललो म्हणतात आणि डबा पण मागतात.

ऑफिस म्हणजे एक वेबसाइट. तिथं जाहिरात उघडायची, अर्धा मिनिट बघायची, बंद करायची, की यांच्या नावावर डॉलर जमा. टकलावरचं तेल, बर्फावरून घसरायचे बूट, कुत्र्यांची बिस्किटं, सगळं मन लावून बघून राह्यले. जेवताना मला कुत्र्याचे दात कसे जपावे ते सांगतात. स्क्रीनवर तीनशे बारा डॉलर दिसतात, पण ते हातात पडायचे तर आधी चार हजार भरायचे आणि आपल्या खाली दोन माणसं जोडायची, त्यांनी पण तेवढेच भरायचे. यांनी आपले भरून टाकले.

ते ऐकलं आणि मला तुझं पहिलं स्थळ आठवलं. चौऱ्याऐंशी साली जीप करून आल्ते बघ. चाळीस एकर बागायत, घरात रंगीत टीव्ही. पण सुपारी आजच फोडा, घर बघायला येऊ नका रस्ता खराब आहे, आणि अंगठीचे पैसे आधी द्या. त्यांची तारीफ करणारे तिघं पण त्यांच्याच जीपमधून उतरलेले. बाबांनी नारळ हातात घेतल्ता. तू आतल्या खोलीत रडून राह्यली होतीस, तुझ्यानं न्हाई म्हणवेना. मंग मीच बाहेर येऊन सगळ्यांसमोर न्हाई म्हणाले. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले न्हाईत. पुढं कळलं, जीप भाड्याची होती आणि बागायत ते कामाला होते त्या मालकाची.

तर मी डबा द्यायच्या निमित्तानं कॅफेत गेले. हे चहाला बाहेर पडले, तेवढ्यात देवानंदला म्हटलं, या वेबसाइटची चौकशी करू, स्थळाची करतो तशी. घराचा पत्ता बघितला, तर पत्ताच न्हाई. तारीफ करणाऱ्यांचे फोटो बघितले, तर वर शेतकरी असलेला गोरा माणूस खाली दाढी लावून डॉक्टर झालेला. कोपऱ्यात एक घड्याळ, आज बारापर्यंतच सवलत म्हणणारं. देवानंद म्हणाला, ते दिवाळीपासून आजच म्हणून राह्यलंय. माझी बिलकुल खात्री पटली. यांना सगळं सांगायचंच असं ठरवून घरी गेले.

आता कामाचं ऐक. रविवारी सकाळच्या बसनं हे शहागडला तुमच्याकडं येतील. हातात अर्धा किलो पेढे असतील. आधी उसाच्या गप्पा होतील, मंग खिशातून घडी केलेला फॉर्म निघेल. बद्रीनाथराव थोरल्या साडूचा शब्द खाली पडू देणार न्हाईत, म्हणून तूच म्हण न्हाई. पोटभर जेवू घाल, मान ठेव, पण सही करू देऊ नको. दुसरा माणूस मिळाला न्हाई, की यांचं ऑफिस आपोआप बंद पडेल.

आणि पहिला माणूस कोण, ते त्या फॉर्मवर तुला दिसेलच, म्हणून मीच सांगते. पहिली मी. शिलाईचे चार हजार काढून दिले. सगळं कळत असताना दिले गं. त्या दिवशी संध्याकाळी हे कॅफेतून आले ते दारातच उभे राह्यले. वर्षभरात पहिल्यांदा हसून बोलले, आणि मला मेंबर हो म्हणाले. भर बैठकीत न्हाई म्हणणारी तुझी अक्का, पण त्या तोंडाकडं बघून माझ्यानं म्हणवलं न्हाई. तेव्हा तुझ्या वाटणीचं न्हाई मी म्हटलं होतं. आता माझ्या वाटणीचं तू म्हण.

तुझीच,
पुष्पाअक्का