न उतरणारा पिवळा

प्रिय चिमणे,

या नावाने हाक मारलेली तुला आवडत नाही, ठाऊक आहे. फोनवर तू लगेच दटावतेस. इथे ती सोय नाही, म्हणून हौस भागवून घेते. आणि फोन तरी कुठे? मी 'नको येऊस' म्हटल्यापासून तुझा एकही नाही. बाबा सारखे फोनकडे बघतात. मी बघत नाही, असं त्यांना वाटतं.

मध्यंतरी आपल्या कारखान्यात पिवळ्या सुताची मोठी मागणी आली. मी आणि बाबा दिवसभर रंगाच्या कढईपाशी. हात कोपरापर्यंत पिवळे, नखं पिवळी. त्यामुळे माझा चेहराही पिवळा दिसायला लागला, तेव्हा कुणाला काही वाटलंच नाही. बाबा म्हणाले, साबण बदल. बदलला. अंगाला खाज सुटली, तर आम्ही नव्या साबणाला शिव्या घातल्या. जन्मभर रंगात हात घालून आम्ही रंगालाच फसलो! मग दुष्काळात तेरावा महिना, थंडी वाजून ताप भरला आणि दवाखाना गाठला. तिथेही मी डॉक्टरीणबाईंना ऐटीत सांगितलं, हा कामाचा रंग आहे, उतरेल. त्यांनी माझी पापणी खाली ओढली आणि विचारलं, डोळ्यांतही सूत रंगवता का? बाबांचं तोंड एवढंसं झालं. मला त्यांचीच दया आली.

पित्ताशयातला खडा घसरून पित्ताच्या नळीत अडकला होता. मला वाटलं, तुंबलंय ते मोकळं केलं की झालं. पण पित्त आतड्यात उतरलं नाही, की तिथल्या जंतूंना धाकच उरत नाही म्हणे. आतड्याचं अस्तर कमजोर होतं आणि जंतू थेट रक्तात शिरतात. एरवी यकृतातल्या पेशी त्यांना वाटेतच गिळून टाकतात, पण पित्त तुंबलं की त्याही ढेपाळतात. म्हणजे चोर वाढले आणि पहारेकरी झोपले. डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून आत एक बारीक प्लास्टिकची नळी बसवली आणि पित्त वाहतं केलं. खडा मोठा आहे, ताप आणि जंतू हटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी मी विचारलं, कामावर जाऊ? तर नर्स म्हणते, पी हळद अन् हो गोरी असं नसतं, मावशी! अंगातली लढायची ताकद हळूहळू परतते, तोवर साधी सर्दीही जवळ फिरकू द्यायची नाही.

आता ताप नाही. खाज गेली. भूक इतकी लागते की बाबा माझ्या ताटाकडे बघून हसतात, आणि मी त्यांच्यावर पुन्हा पूर्वीसारखी खेकसते. ते म्हणतात, हाच खरा रिपोर्ट.

त्या दिवशी तू 'बाळाला घेऊन येते' म्हणालीस, तेव्हा मी दवाखान्याच्या खाटेवर होते आणि तुझ्यामागे तो खोकत होता. खरं सांगितलं असतं, तर तू त्याला काखोटीला मारून तश्शी निघाली असतीस. आणि तो दारात आला की मला त्याला घट्ट धरल्यावाचून राहवलं नसतं. म्हणून तुसडेपणाने 'नको येऊस' म्हटलं आणि बाबांनाही गप्प बसवलं. तुला ते लागलं, हे फोन ठेवतानाच कळलं होतं. पण आता रक्ताचे रिपोर्ट चांगले आलेत. पुढच्या आठवड्यात खडा आणि पित्ताशय दोन्ही काढणार आहेत. मी डॉक्टरीणबाईंना एकच विचारलं, नातवाला मांडीवर घेऊ का? त्या म्हणाल्या, त्याचं नाक कोरडं असेल तर खुशाल घ्या. तेव्हा त्याचं नाक बघ आणि ये. गळत असेल तर त्याला जावईबापूंकडे ठेव आणि एकटी ये. घाबरण्यासारखं काही नाही असं सगळे सांगतात, आणि मलाही ते पटतं. फक्त मला आत न्यायला येतील, तेव्हा खोलीत तू असावीस.

तुझीच,
आई