मॅचिंगपुरतं ऊन

३ मार्च २०२५, सोमवार

गल्ली खोदली! सकाळी दुकान उघडायला गेले तर दारातच खड्डा. फळी टाकून, तोल सावरत आत शिरले. दिवसभरात चार गिऱ्हाइकं. त्यातली एक नुसती पत्ता विचारायला आलेली.

ह्यांनी रात्री जेवताना संधी साधली. "पद्मजा, गुलमंडीमागच्या त्या बोळात आता कोण येतंय? अक्षय्य तृतीयेपर्यंत बघू. नाहीतर पुंडलिकनगरात घराखालीच टाक तुझं मॅचिंग सेंटर."

घराखाली! सव्वीस वर्षं त्या दुकानात मी लोकांच्या साडीला ब्लाउज जुळवतेय. घराखाली शेजारणी साखर मागायला येतील, कापड घ्यायला नाही. ह्यांची शेवटची पोळी जरा करपली.

६ मार्च

खोदकामावरच्या महापालिकेच्या इंजिनियरचं नाव अपेक्षा. फर्दापूरकडची, शेतकऱ्याच्या घरातली. असेल अठ्ठावीसची. डोक्याला ओढणी गुंडाळून खड्ड्यात उभी होती. मी भांडायलाच गेले होते. ती म्हणाली, "काकू, बाया इथं का येईनात, सांगू? गाड्यांमधून चालायला वाट नाय. टेकायला जागा नाय. ऊन तर लई! मला दोन महिने द्या."

दिले. काय करणार, रस्ता तिच्याच ताब्यात!

१९ मार्च

फरशीचे दोन नमुने घेऊन अपेक्षा दुकानात आली. "काकू, तुम्ही रंगातलं माणूस. यातली कोणती घेऊ?" मी म्हटलं, दोन्ही सारख्याच की! तिने एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "असू द्या," म्हणाली.

निशा मागे फिसकन हसली. नऊ वर्षं झाली माझ्याकडे कामाला, दोन लेकरांची आई, पण हसायचं कुठे ते कळत नाही.

२ एप्रिल

आता लिहायलाच हवं — पोरगी कामाची आहे. वायरींचा गुंता जमिनीखाली गेला, वर आभाळ दिसायला लागलं! गाड्या गल्लीच्या तोंडाशीच थांबतात. पाट्या सगळ्या एका मापाच्या. शेजारचा बांगड्यांवाला कडुबा महिनाभर तिला शिव्या घालत होता, कारण त्याची पाटी सगळ्यात मोठी होती. आज तोच तिला चहा पाजत होता. "म्याडम, तेवढं एक बाकडं आमच्याम्होरं टाका ना." टाकलं तिने. अर्धं त्याच्यापुढे, अर्धं माझ्यापुढे!

९ एप्रिल

आज गल्लीवर कापड ताणलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावलीच सावली. बायका चक्क रेंगाळतायत! एक जण तान्ह्या बाळाला घेऊन बाकड्यावर तासभर बसली, उठताना अस्तर घेऊन गेली.

पण कापडाचा रंग — असा पिवळट कशाला निवडला? बाकी इतकी नजर आहे पोरीला.

१७ एप्रिल



पैठणच्या मनकर्णाबाई आल्या. नातीचं लग्न आहे. ती नेसणार आहे ती पैठणी मनकर्णाबाईंच्या आईची, वांगी रंगाची, तिला ब्लाउजपीस नाही. गेल्या आठवड्यात मी जुळवून दिला होता. आज शिवलेला ब्लाउज आणि साडी त्यांनी काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली. "बाई, ह्यो निळा हाय. पोरीनं रडून घर डोक्यावर घेतलंय."

सव्वीस वर्षांत माझं एक मॅचिंग परत आलेलं नाही! माझा नियम आहे — कापड आणि साडी गल्लीत नेऊन उन्हात धरायची, गिऱ्हाइकाने हो म्हणायचं, मगच कात्री. त्या दिवशीही आम्ही गल्लीत गेलो होतो. पण गल्लीवरच्या त्या कापडाखाली ऊन होतं कुठे? मी विचारलं, मग तुम्ही हो का म्हणालात? "मला वाटलं व्हतं येगळं. पण तुमचा शबुद, म्हून व्हय म्हणले."

निशाने दुसरा पीस काढला. मनकर्णाबाई लगेच म्हणाल्या, "ह्योच!" मला त्या पिवळ्या उजेडात दोन्ही एकच दिसत होते. शिलाईसकट नवा ब्लाउज माझ्याकडून. पण लाज वाटली ती वाटलीच.

१८ एप्रिल

अपेक्षाला भर गल्लीत झाडलं. "तुमच्या पिवळ्या कापडाने माझं नाव घालवलं! मला माझ्या दारात ऊन पाहिजे."

"पिवळं?" म्हणून कडुबा हसायला लागला. तिने नजरेनेच त्याला गप्प केलं. वर बघितलं. मग माझ्याकडे, बराच वेळ. म्हणाली, "बरोबर आहे काकू. मॅचिंगच्या दुकानापुढं ऊन सोडायलाच पायजे होतं. चूक माझी."

चूक माझी! एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी घरात ऐकलेलं नाही.

१९ एप्रिल

अपेक्षा स्वतः शिडी चढली. माझ्या दारापुढचं कापड कापलं, कडांना दोरी ओवून चौकोन मोकळा केला. खाली फरशीवर चटईएवढं ऊन पडलं. "समद्यास्नी सावली अन् हिला ऊन!" — कडुबा. पण दुपारपर्यंत त्याचीच गिऱ्हाइकं बांगड्या घेऊन त्या चौकोनात उभी.

कसली गोड पोरगी आहे. माझी असती तर!

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

पाय ठेवायला जागा नव्हती! हे आले, बाकड्यावर बसले, गर्दी बघत राहिले. शेवटी उठून कापडाच्या घड्या घालायला लागले. वाईट घालतात. पुंडलिकनगरचा विषय निघाला नाही.

मी मात्र हल्ली उन्हात धरूनही निशाला विचारते, कुठला गं? तीही आठ दिवस मागे लागलीय, "वहिनी, डोळे दाखवून या." आज धरलंच तिला — हे तुला कोणी सुचवलं? "अपेक्षा म्याडमनं. नाव नका सांगू म्हणल्या होत्या."

८ मे

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांचा तरी असेल, तुमच्या लक्षात कसं आलं नाही?

१९ मे

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले. आज काळा चष्मा लावून दुकानात गेले. दारात क्षणभर काढला, वर पाहिलं.

कापड पांढरं आहे. पांढरंशुभ्र. "पहिल्या दिसापासून हेच हाय, वहिनी," निशा म्हणाली.

आणि तरी अपेक्षा शिडी चढली.