अकरा ‘म्हणून’

नालवाडी, वर्धा
२२ जुलै १९७८

सौ. ती. ताईस,
नलूचा शि. सा. न. आणि सोबत एक मोठी बातमी. वि. वि.

कॉलेजच्या वादविवाद मंडळात माझं नाव लागलं! पन्नास जणांतून सहा घेतले, त्यात मुलगी मी एकटीच. वच्छलाआत्याला सांगितलं तर ती म्हणाली, भांडायला शिकवायचं कॉलेज असते काय वं? फुकट फी भरून राह्यला तुहा बाप. मग मात्र तिने शिरा केला.

आम्हाला थूल सर शिकवतात. मला वाटलं होतं आवाज, हातवारे, कविता पेरणं असलं काही सांगतील. त्यांनी पहिले चार तास कुणाला तोंडच उघडू दिलं नाही. आपलं भाषण आधी लिहून आणायचं आणि त्यातल्या प्रत्येक ‘म्हणून’ला लाल पेन्सिलने गोल करायचा. मग बघायचं, की ‘म्हणून’च्या अलीकडचं खरं धरलं तर पलीकडचं खरंच निघतं का. सर म्हणतात, ‘म्हणून’ हा नाल्यावरचा पूल आहे. बहुतेक वक्ते नुसती पाटी लावतात, खाली पूल नसतोच.

सप्टेंबरात पहिली स्पर्धा आहे. विषय आहे ‘खेड्याला आधी रस्ता हवा की शाळा’. मी शाळेच्या बाजूने बोलणार. भाषणाची नक्कल पाठवते. देवळीच्या शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस तीन वर्षं तूच आणत होतीस, तेव्हा पाहा आणि खरं सांग. मी लहान आहे म्हणून गोड बोलू नकोस.

भाऊजींना आणि तुझ्या सासूबाईंना, आनंदाबाईंना नमस्कार. त्यांचे डोळे कसे आहेत?

तुझी माया आहेच, ती पोस्टानेही येऊ दे.
नलू

*

मु. खैरवाडा, ता. आर्वी
५ ऑगस्ट १९७८

चि. नलूस,
ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं, भाषणही. दोन्ही चुलीपुढे वाचलं, त्यामुळे कागदाला थोडा धूर लागला आहे. तो तुझ्या भाषणाचा समजू नकोस.

लाल पेन्सिल माझ्याकडे नाही. मी काडीला कुंकू लावून गोल केले. तुझ्या भाषणात ‘म्हणून’ एकंदर अकरा. त्यातले सात पडले. ‘शाळा आली की माणूस शहाणा होतो, म्हणून गाव सुधारतं’ असं तू लिहिलंस. आमच्या गावातले सगळ्यात शिकलेले दोघे जण तालुक्याला पळून गेले; गाव होतं तिथेच आहे. ‘सर्व थोर पुरुष शाळेत गेले होते, म्हणून शाळा हवी.’ अगं, सर्व चोरही गेले असतील.

आणि तू समोरच्याला पहिल्याच वाक्यात मूर्ख म्हणतेस. असं करू नये. त्याला आधी पाट द्यावा, पाणी द्यावं. त्याच्या दोन-तीन गोष्टी खऱ्या आहेत असं मोकळेपणाने म्हणावं. ऐकणारा सैल बसला, की मग ‘पण’ काढावा. हे मला कुणी शिकवलं नाही; सासरी सहा वर्षं काढली की आपोआप येतं.

रस्त्यावाल्यांचं खरं बळ कशात आहे ते तुला कळलेलंच नाही. आमच्याकडे पावसाळ्यात नाला भरला की मास्तर दोन-दोन आठवडे येत नाहीत. शाळा आहे, फळा आहे, पोरं आहेत, कुलूपही आहे. हे ते बोलले तर तू काय करशील? तू सांग, की मास्तरला गावात राहायला घर द्या, मग नाला भरला तरी शाळा भरेल. आणि हे त्यांनी बोलायच्या आधी तूच बोल.

तुला थूल सर मिळाले हे बरंच झालं. मी मॅट्रिकला शाळेत पहिली आले तेव्हा आई जाऊन दोन महिने झाले होते. तू दहा-अकरा वर्षांची, घरात कुणीतरी हवं होतं. मी काही म्हणत नाही. सहज आठवलं.

मन लावून अभ्यास कर. आशीर्वाद आहेत, मागावे लागणार नाहीत.
ताई

*

नालवाडी
१२ सप्टेंबर १९७८

सौ. ती. ताईस,
घाईतला नमस्कार, वि. वि.

पहिली आले! पितळेचा हा एवढा कप. आत्याने तो देवापाशी ठेवला आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते. इथल्या एका साप्ताहिकात फोटोसकट बातमी आली.

नाल्याच्या आणि मास्तरच्या मुद्द्यावर टाळ्या थांबेनात. रस्त्याच्या बाजूचा मुलगा नंतर म्हणाला की त्याची अर्धी वही तिथेच वाया गेली. थूल सरांनी मला बाजूला बोलावून विचारलं, की इतकं जवळून हे कुणी पाहिलं. माझी तर बोबडीच वळली, एवढी माणसं होती भोवती.

आता जानेवारीत इथेच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आहे. आठ कॉलेजं येणार. सर म्हणतात मुख्य वक्ता मीच. तू त्या साप्ताहिकाची वाट बघू नकोस, एकच अंक मिळाला, तो मी ठेवला आहे.

बाकी ठीक. लिहीत जा, तुझ्या पत्राशिवाय करमत नाही.
नलू

*

सोनेगाव, ता. देवळी
२ डिसेंबर १९७८

चि. नलूस,
बाबाचा आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, तिकडे तू असशीलच.

पत्राचं कारण असं की तुह्यासाठी स्थळ आलं आहे. तुह्या ताईच्या, अन्नपूर्णाच्या घरचा, जावई रूपरावचा मावसभाऊ चंद्रभान. आर्वीले पंचायत समितीत कारकून आहे. पोरगा निर्व्यसनी. मी आधी नाईच म्हटलं होतं, पोरगी शिकून राह्यली म्हणून. पण आपल्या एका हितचिंतकाचं पत्र आलं. लई मुद्देसूद. मले त्याच्यापुढे बोलता येईना. त्यातलंच उतरवून देतो, तूच वाच.

‘नलू हुशार आहे हे खरं आहे. तिला बोलता येतं हेही खरं. ती शिकली तर झाडे घराण्याचं नाव होईल, हे कोणी नाकारणार नाही. पण सदाशिवरावांच्या सुलोचनाकडे पाहा. बी.ए. झाली आणि सहा महिन्यांत सासरहून परत आली. शिकलेल्या मुली सासरी टिकत नाहीत, म्हणून वेळेतच थांबलेलं बरं. ज्या मुलीला चारचौघांत जिंकायची सवय लागते तिला घरात हार मानता येत नाही, म्हणून जानेवारीच्या स्पर्धेआधीच तिला घरी आणावं. आणि असं स्थळ पुन्हा येणार नाही, म्हणून फाल्गुनात लग्न उरकावं.’

हितचिंतक कोण ते विचारू नको, मी शब्द देला आहे. संक्रांतीच्या आधी तुले घ्याले येतो. सामान बांधून ठेवजो. मले हे लिहिताना बरं नाई वाटून राह्यलं, पण बापाले पुढचं पाहा लागते.

तुहा,
बाबा

*

नालवाडी
८ डिसेंबर १९७८

ताई,

आज नमस्कार लिहायला हात वळत नाही, तो उधार समज.

बाबांचं पत्र आलं. त्यांनी शब्द पाळला, नाव सांगितलं नाही. पण मी वाचायला बसले आणि तिसऱ्या वाक्याला थांबले. हे खरं, तेही खरं, हे कोणी नाकारणार नाही, आणि मग ‘पण’. इतका नीट पाट मांडून माणसाला उठवणारं मला एकच माणूस माहीत आहे.

मी लाल पेन्सिल घेतली. ‘म्हणून’ तीन. सुलोचना एक आहे, तिच्यावरून सगळ्या शिकलेल्या मुली ठरवल्या, हा पडला. स्थळ पुन्हा येणार नाही हे कशावरून? ज्याचं नातं आहे तोच म्हणतो, हाही पडला. मधला मात्र पडत नाही. मी तीन दिवस त्यावर बसले आहे. मला खरंच हरता येत नाही, ताई. सरांनी विचारलं होतं ना, की नाल्याचं कुणी पाहिलं? मी म्हणाले, मी पाहिलं. सुट्टीत बहिणीकडे गेले तेव्हा. साप्ताहिकातही तेच छापलं आहे, म्हणून तर तुला अंक पाठवला नाही. टाळ्यांत वाटा द्यायला जीव झाला नाही.

तेवढ्यासाठी तू मला घरी बसवणार? भांडायचं होतं तर माझ्याशी भांडायचंस. बाबांना तुझं नाव मी कळवणार नाही. उत्तर काय द्यायचं तेही मला ठाऊक नाही. तूच सांग, तुला चांगलं येतं.

नलू

*

खैरवाडा
१५ डिसेंबर १९७८

तीर्थरूप बाबांस,
अन्नपूर्णेचा चरणी माथा ठेवून नमस्कार, वि. वि.

नलूच्या लग्नाबद्दल मी पाठवलेलं पत्र कृपा करून मागे द्यावं. ते मुद्देसूद होतं, पण खरं नव्हतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला पाठवताना ठाऊक होतं.

सुलोचना परत आली ती बी.ए.मुळे नव्हे. तिच्या नवऱ्याचं आधीच दुसरीकडे घर होतं. ती मला आर्वीच्या बाजारात भेटली तेव्हा तिने स्वतः सांगितलं. हे मी पत्रात लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मुद्दा उरला नसता. चंद्रभानला तर अजून कुणी विचारलेलंही नाही. त्यांच्या घरी मीच विषय काढला. आणि जिंकायच्या सवयीचं म्हणाल, तर चुलत्याशी बांधाच्या खटल्यात तुम्ही जिंकलात तेव्हा तुम्हाला कोणी घरी बसवलं नाही.

आता जे कारण मी लिहिलंच नव्हतं ते लिहिते. सासूबाईंच्या डोळ्यांच्या औषधाला हे वर्ध्याला गेले होते. येताना एका दुकानात पुडीला बांधलेला कागद घेऊन आले, त्यावर नलूचा फोटो होता. खाली छापलं होतं, ‘स्वतःच्या निरीक्षणातून मांडलेला मुद्दा’. तो मुद्दा माझा होता, बाबा. पण खरं सांगायचं तर तिने माझं नाव घेतलं असतं तरीही मी जळलेच असते. मी पहिली आले होते. तुम्ही मला जबरदस्ती केली नाही, घरात माणूस नव्हतं, मी स्वतःच राहते म्हणाले. तरी तिला मिळालेलं पाहून माझ्या पोटात काहीतरी पेटतं. तिला घरी आणलं तर ते विझेल असं वाटलं होतं.

ते विझणार नाही. म्हणून, आणि हा ‘म्हणून’ मी नीट तपासला आहे, नलूला राहू द्या.

रागवा, पण पत्र धाडा.
आपली,
अन्नपूर्णा

*

नालवाडी
१ फेब्रुवारी १९७९

सौ. ती. ताईस,
उधारीसकट दोन शि. सा. न., वि. वि.

रविवारी तू आणि बाबा सभागृहात मागच्या बाकावर दिसलात. बाबा मला न्यायला येणार होते ते तुला घेऊन ऐकायला आले, हे मला अजून खरं वाटत नाही. बसमध्ये बसताना ते मला फक्त एवढंच म्हणाले, की परीक्षा होऊ दे, मग पाहू. आणि चढता चढता, ‘चंद्रभानले मी नाई म्हणून कळवलं.’

आता दुसरं. ‘नोकरी करणारी स्त्री घर मोडते की घडवते’ या विषयावर मी जीव तोडून बोलले. आकडे दिले, प्रतिपक्षाला पाट दिला, एकही ‘म्हणून’ लटका ठेवला नाही. मग अध्यक्षांनी श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का म्हटलं आणि तू उभी राहिलीस. पदर डोक्यावर, आवाज तोच देवळीचा. म्हणालीस की दोन्ही बाजूंनी धरून चाललं आहे की बाई आज घरात बसली आहे आणि उद्या बाहेर पडेल. मग पहाटे पाणी भरून शेतात निंदायला जाणारी, दिवसभर कापूस वेचणारी बाई कोणाच्या हिशोबात आहे? ती कामावर नाही काय? आणि तिचं घर मोडलं आहे की घडलं आहे, हे तिला कोणी विचारलं?

मी वही उलटीपालटी केली, त्या बाईचा आकडा कुठेच नव्हता. प्रतिपक्षाचंही तेच झालं. माझा नंबर दुसरा आला.

नंतर मी सरांना सांगितलं की नाल्याचा मुद्दा ह्याच बहिणीचा. ते सरळ तुझ्याकडे गेले. सगळेच तुझ्याकडे गेले. परीक्षकबाई तुझा पत्ता लिहून घेत होत्या आणि मी कप धरून खांबाशी उभी. लिहायची लाज वाटते, पण तू बाबांना खरं लिहिलंस, ते पत्र त्यांनी मला वाचायला दिलं, तर मीही लिहिते. त्या वेळी मला वाटलं, हिला कुणी बोलावलं होतं? अजूनही वाटतं. काल सर वर्गात म्हणाले, की असा प्रश्न आपल्यापैकी एकालाही सुचू नये. तेव्हा मी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं. तुझ्यासारखं मला कधी येणार नाही, ताई, आणि ते मला सहन होत नाही.

बाहेरून बी.ए.ला बसायचा फॉर्म सरांनी दिला आहे. द्यावा की लपवावा असा दोन दिवस विचार केला. सोबत पाठवते आहे.

लोभ असो वा नसो, पत्र असू दे.
नलू

*

खैरवाडा
९ फेब्रुवारी १९७९

चि. नलूस,
भरपूर आशीर्वाद, वि. वि.

फॉर्म पोचला. नाव लिहिलं आहे, बाकीचे रकाने हे आल्यावर विचारून भरीन. विचारून म्हणजे सांगून.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं. दुसऱ्यांदा पेन्सिलीच्या टोकापाशी थांबले आणि पुन्हा तेवढंच वाचलं. तिसऱ्यांदा सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण त्यांना आता अक्षर दिसत नाही. त्या ज्वारी निवडत होत्या. ऐकून म्हणाल्या, काऊन वं, कॉलेजातली पोरगी, ते तुह्यावर काऊन जळून राह्यली? तुह्यापाशी आहे काय असं?

मी म्हटलं, आहे काहीतरी.

त्यांनी सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, ते पेन्सिलीच्या टोकाचं पुन्हा वाच.

तुझीच,
ताई