दोडक्याचं बी भिजत घातलंय

शांभवी,

शिवरात्र झाली, आता उशीर नको. दोडक्याचं आन् कारल्याचं बी रात्रीच भिजत घातलंय. परसातली माती खणून शेणखत मिसळून ठेवलंय. उन्हाच्या आत तुझ्याच हातानं बी लाव. शेजारची मल्लव्वा कुंपणावरनं वरडंल, "रांडावल्या बाईनं बी लावू नये, सवाशीण बोलवा." तिला म्हणावं, सासूचा हुकूम हाय, आन् पयलं कारलं तुमच्याच तोंडात.

मी हुपरीला चाललोय. पैंजणं करणारं घर हाय, थोरल्याची बायको वारलीया. तुझ्यासाठी बघून येतो. माणूस निर्मळ न्हाय दिसला तर पाणीबी न पिता माघारी येतो. शशिधर माझ्या पोटचा, पर त्याच्या फोटोला हार घालत तू म्हातारी झालेली मला बघवायची न्हाय. काल तोंडावर सांगायला आलतो, जीभच उचलंना. माझी जीभ! कुणाला पटंल का?

भाकरी दुरडीत हाय. रडत बसू नको, खा.

आन् मांडव लहानच घाल. वेल चढंस्तवर तू तुझ्या घरी असशील. मला एकटीला किती दोडकी लागत्यात?