घागरीचा पोचा

सोमवार, वैशाख, सांजच्याला

डोकं तापलंय नुसतं. लातूरच्या धाकट्या भावजींना जुन्या वस्तूंचा नाद लागलाय. जिल्हा नवा झाला, नोकरी लागली, तवापासून काचेचं कपाट. आज त्यांच्याकडं गेले तर त्यात सासूबाईंची तांब्याची घागर. अन् तिचा पोचा कुठाय? ठोकून काढला! मागल्या दुष्काळात ह्याच भावजींसाठी पाणी आणताना सासूबाई विहिरीच्या पायरीवर पडल्या, तवाचा पोचा तो.

"वहिनी, पाव्हण्यांसमोर बरं दिसत न्हाई."

"पडून कंबरेत वाकलेल्या आई तरी कुठं बऱ्या दिसत होत्या? त्यांना बी ठोकून सरळ केलं असतं का?"

लई बोलले का मी? बोलले तर बोलले. कपाटातनं घागर काढली. पण औंदाच्या दुष्काळात रिकामी घागर घरी कशी न्यायची? त्यांच्याच नळाला काठोकाठ भरली अन् मांडीवर धरून एसटीनं आणली. लुगडं भिजलं. भिजू दे.